दोन दशांश

वर्षातून एकदा, फेब्रुवारीत,
ब्रेमरहाफनच्या आमच्या मासळीगोदामात
गेझीने हार्म्स येते.
हातात पत्र्याची पेटी, काखेत
जमिनीवर पाठ टेकायला घडी घातलेलं पोतं.
आठही फोर्कलिफ्ट आम्ही ओळीने उभ्या करतो,
लस टोचायला उभी केलेली पोरं जशी.

सात नंबरची माझी. अकरा वर्षं.
सीटच्या रेक्झिनला माझ्या मांडीचा आकार,
हॉर्न सर्दी झाल्यासारखा.

गेझीने फार बोलत नाही.
आधी साखळ्या. कडीन् कडी मोजते,
ताणून लांबलेली साखळी तिला कळते
जशी तागडीतली खोट जुन्या वाण्याला.
मग काट्यांची टाच,
उभं पोलाद जिथे वळून आडवं होतं
आणि सगळं ओझं येऊन बसतं,
तिथे ती कॅलिपर लावते.

नवा होता तेव्हा चाळीस.
छत्तीसपर्यंत चालतो.
पस्तीस पूर्णांक आठ.

"दोन दशांश मिलिमीटर!" फोल्कर्ट म्हणतो,
मॅनेजर आहे, घड्याळाकडे बघूनच बोलतो.
"अहो, एवढा मळ माझ्या नखात असतो.
शुक्रवारी आइसलंडचं जहाज लागतंय.
सोमवारी बदलू की काटे."

ती कॅलिपर पुसते. पुन्हा लावते, त्याच्या समाधानासाठी.
पस्तीस पूर्णांक आठ.

पोलाद झिजतं कसं, मला विचारा.
काटे बोटभर वर उचलायचा कंटाळा,
म्हणून फरफटत नेले काँक्रीटवरून,
या ट्रकपासून त्या फळीपर्यंत, रोज.
चार मिलिमीटर आणि वर दोन दशांश,
सगळा माझाच आळस,
झाडूने केव्हाच बाहेर गेलेला.

"आणखी काही? ब्रेक?"
दरवर्षी विचारते. दरवर्षी मी म्हणतो, "ठीक."
ओल्या फरशीवर सात नंबर डावीकडे ओढते
हे मला ठाऊक.
मी चाक आधीच जरासं उजवीकडे धरतो,
घरच्या माणसाचं व्यंग
चारचौघांत झाकून घ्यावं तसं.

यंदा सांगून टाकलं.
का, ते नाही सांगता येत.

तिने शाबासकी दिली नाही. पोतं पसरलं,
खाली सरकली. बराच वेळ फक्त तिचे बूट दिसत होते.
मग आतून आवाज: "तेल गळतंय."
फोल्कर्ट माझ्याकडे बघत राहिला,
बोलायचं ते त्याने नंतरसाठी ठेवलं.

मास्टवर लाल चिठ्ठी. किल्ली पाकिटात,
पाकिटावर सही, तारीख.

उरलेली पाळी मी पायी.
हातगाडीवर कॉडची खोकी, उणे चोवीस,
मिशीवर श्वास गोठतो.
अकरा वर्षांत पहिल्यांदा कळतं
हे छप्पर किती उंच आहे,
आणि समोरून पाच नंबर घेऊन येणारा ओझगुर
माझ्याकडे तोंड करून बसलाय,
तरी मी त्याला दिसत नाहीये.
मास्टचे दोन खांब, मधल्या साखळ्या:
त्यांच्याआड बरोब्बर एक माणूस मावतो.
मी बाजूला होतो. तो हात करतो, उशिरा.

पॅकिंगमधली स्नेझाना
पिवळ्या पट्ट्यांमधून जेवायला निघालीये.
कोपऱ्यावर थांबते. वर बघते.
मग डावीकडे, जरा जास्तच वेळ.

"डावीकडेच का?"

"सात नंबर तिकडे ओढते ना," ती म्हणते,
हातमोजे काढता काढता,
"सगळ्यांना माहितीये."

"आज बंद आहे ती."

"हो का," म्हणते,
आणि तरीही एकदा बघून घेते.