तीस नग

गुरुवारी तिसऱ्या तासाला उद्योजकता.
कंपालात, नाकुलाब्येच्या चढावर आमची शाळा.
चौसष्ट मुलं, एकवीस बाकं,
आणि खालच्या रस्त्यावर बोडाबोडावाल्यांची
गिऱ्हाइकासाठी चाललेली ओरड.
तास खरं तर तेच घेतात.
मी फक्त फळ्यावर लिहितो :
गरज ओळखा. भांडवल उभारा. जोखीम मोजा.

मुलं उतरवून घेतात.
म्हणजे मुगेर्वा, जो पहाटे केळ्यांच्या साली गोळा करून
जळणाच्या वड्या थापतो
आणि त्याच काळ्या नखांनी लिहितो ‘कच्चा माल’.
म्हणजे बाबिर्ये आणि नाकातो,
जुळ्या,
एका गणवेशात दोन वर्षं आळीपाळीने शाळेत आलेल्या.
त्यांना मी शिकवतो
मर्यादित साधनांचा वापर.

नास्सोलोचा प्रकल्प मांदाझीचा.
मैद्याचे, तळून टम्म फुगलेले, गोडसर.
पानावर पट्टीने आखलेले रकाने :
मैदा, साखर, तेल, कोळसा,
रद्दी (फुकट, न्हाव्याकडून),
आणि सगळ्यात खाली, ठसठशीत,
‘जप्त – ३० नग. शाळा.’

मला हसू आलं.
मग आठवलं.

गेल्या वर्षी हा विषय नव्हता,
गुन्हा होता.
तुमवेबाझे बाईंनी हिचं दप्तर उलटं केलं होतं,
हिला दुपारभर झेंड्याच्या खांबापाशी उभं केलं होतं,
आणि मुद्देमाल आणून ठेवला होता
शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या किटलीशेजारी.

दोन मी खाल्ले होते.
चांगले होते. वेलची होती त्यात.

‘सर, हे तोट्यात धरायचं?’
पुस्तकात तसं काही नाही, म्हणालो.
‘मग उधारीत धरते.
खाणारे तर सगळे इथेच आहेत.’

ओविनो बाजारात माझं दुकान होतं,
जुन्या बुटांचं. अकरा महिने.
दुकान आगीत गेलं नाही की पुरात,
वहीत गेलं.
कोणी किती थकवले ते तोंडपाठ आहे अजून,
नावासकट, पायाच्या मापासकट.
एकाकडेही मागितले नाहीत.
समोरून येताना दिसला
की रस्ता मीच ओलांडायचो.
हे मी वर्गात सांगितलेलं नाही.
धडा सातवा, यशस्वी उद्योजकाचे गुण,
दरवर्षी मोठ्याने वाचून घेतो.

मधल्या सुट्टीत ती दारात आली.
हातात वहीचं फाडलेलं पान,
त्यावर तारीख, दर, नग.
आवाज न चढवता वाचलं तिने सगळं,
हजेरी घ्यावी तसं.
कपातला चहा एकाएकी
सगळ्यांना फार बघण्यासारखा वाटू लागला.
तुमवेबाझे बाई म्हणाल्या, ‘हे कोणी शिकवलं हिला?’
आणि माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर कोणीच नाही.
पण मी उठलो.
‘दोन,’ म्हणालो, आणि हजाराची नोट पुढे केली.
तीनशेप्रमाणे सहाशे.
चारशे तिने तिथल्या तिथे परत दिले,
सुटे होते तिच्याकडे.
धंद्याला निघालेल्याकडे सुटे असतात.

मग दाराच्या चौकटीवर पान टेकवून
वजाबाकी केली.
शून्यातून दोन जात नाहीत.
शेजारच्या तिनाकडून उसने घेतले,
आठ लिहिले, तिनाचे दोन केले.
पेन्सिल कानावर खोचली
आणि उरलेल्या अठ्ठाविसांसाठी
तशीच उभी राहिली,
अजिबात घाई नसल्यासारखी.

संध्याकाळी कपाटावरची वही काढली.
धूळ झटकली नाही, नुसती उघडली.
पहिलं नाव लुबेगा. नऊ नंबर. तपकिरी, नाडीचे.
रोज सहाला
याच चढावरून जातो म्हणतात.

साडेपाच झालेत.