रविवारची नदी

शनिवारी शेवटचा भोंगा झाला की
कॉर्नेलियस ट्युही चाकं फिरवून
कालव्याची दारं पाडायचा.
सोमवारच्या पाळीसाठी मेरिमॅक
धरणामागे रात्रभर साठत राहायची,
ग्रॅनिटला छाती टेकून.

रविवारी खाली, लॉरेन्स गावात,
नदीची हाडं उघडी पडत.
ओनुते चर्चमधून परस्पर खडकांवर उतरायची,
बूट हातात, कानांत अजून माग चाललेले.
आईची हाक तिला ओठांवरून कळायची.
खडकांवर आठवड्याचा हिशेब असे:
वर किरमिजी, घोट्याशी निळा.
"बुधवारी आरमाराचं कापड होतं तर."
डबक्यात अडकलेला एखादा मासा
ती ओच्यात घालून खोल पाण्यात सोडायची.
तोही निळसरच.

मग संपाचा हिवाळा.
माग थांबले, दारं पडलेलीच राहिली.
चौथ्या रात्री ती दचकून उठली:
"सुरू केले मेल्यांनी!"
शाल गुंडाळून पुलापर्यंत पळाली.
गिरण्या अंधारात.
आणि धरणाच्या काठावरून,
बर्फाचे तुकडे घेऊन,
सगळीच्या सगळी नदी कोसळत होती,
कुणाच्याच हजेरीपटावर नसलेली.

ट्युही कंदिलाशी वही भरत होता.
पाणी: काठोकाठ. मागणी: नाही.
दौतीत शाई गोठत होती.
त्यानं ओळख दाखवली नाही,
कंदील मात्र जरा उंच धरला,
पायऱ्या दिसतील इतका.

ती उतरली. कोपरापर्यंत हात बुडवला.
गारठ्यानं लाल झाला.
निळा नाही.