पाठपुरावा सुरू आहे

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दहा ते बारा,
मी ग्रंथालयात बसते, बालविभागात,
कारण मोठ्यांच्या खोलीचं छत गळतं.
(त्याचाही पाठपुरावा सुरू आहे.)
लाल बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी घेऊन
स्कार्नविकचे मतदार गाऱ्हाणी सांगतात.
त्या उंचीवरून कुणाला फारसं ओरडता येत नाही.
खुर्च्या बदलायच्या नाहीत, असं मी ठरवलंय.

मिसेस गार्बट : कचऱ्याचा तपकिरी डबा.
कॅरव्हॅन-तळावरची बोझेना : मुलाची शाळेची बस
वळणावर थांबायची, आता थांबत नाही,
कारण वळणच राहिलेलं नाही.
लेन कॉवुड काही मागत नाही.
टोपी मांडीवर ठेवून म्हणतो,
"काल रात्री चार फूट."

आमच्याकडे समुद्र असा फुटांत सांगतात,
दुसरीकडे कुणी घरातल्याचा ताप सांगावा तसा.
वर चिकणमातीचा कडा, खाली उत्तर समुद्र,
दुधाचा चहा सांडल्यासारखा.

मी निवडून आले ती एका खड्ड्यावर.
मरीन रोड, एकोणीस नंबरसमोर.
"एनिड स्टॅनिफोर्थ खड्डा बुजवेल"
एवढंच होतं पत्रकावर,
आणि वाऱ्यात डोळे मिटलेला माझा फोटो.
एकशे सात मतांनी आले.
सतरा पत्रं लिहिली. अभियंता आला,
खड्ड्याभोवती पिवळी चौकट रंगवून गेला.
जानेवारीच्या भरतीनं ती चौकट नेली,
चौकटीसकट खड्डा, खड्ड्यासकट रस्ता.
आठवड्यानं कार्यालयाचं उत्तर :
सदर ठिकाणी सदर खड्डा आढळून आला नाही.
तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

पत्रकात काय लिहायचं? वचनपूर्ती?
रात्री उशिरापर्यंत टेबलाशी बसले. शेवटी लिहिलं :
मरीन रोडवरचा खड्डा आता नाही.
खरं होतं ते.
म्हणूनच लाज वाटली.

पत्रकं मी स्वतः टाकते, दारोदार.
पूर्वी तीनशे बारा लागायची, आता दोनशे अठ्ठ्याऐंशी.
छापखान्यातला पोरगा म्हणतो,
तीनशेच्या खाली दर उतरत नाही, बाई.
म्हणून तीनशेच घेते. बारा उरतात.
त्या बारांना घडी घालून पाकिटात भरते :
हल, लीड्स, आणि एक थेट पर्थला.
ही माणसं आता माझ्या यादीत नाहीत.
तिकिटांचा खर्च मी कुठे दाखवत नाही.
एकोणीस नंबरच्या बाईनं एकदा उलट विचारलं,
"गुलाब आहे का अजून?"
जाऊन पाहिलं. अर्धी मुळं हवेत.
तसंच कळवलं.

लेननं एकदाच शब्द टाकला.
रस्ता बंद झाला तेव्हा
कडेचा शेवटचा दिवा काढायचं ठरत होतं.
"राहू दे तो," म्हणाला,
"रात्री उठलो की कळतं, अजून किती उरलंय."
सभेत मी अकरा मिनिटं बोलले,
अध्यक्ष दोनदा घड्याळाकडे बघून झाल्यावरही.
पाच विरुद्ध चार.

दिवा राहिला.
अर्धा उजेड डांबरावर, अर्धा पाण्यावर पडतो.

मार्चमध्ये पहाटे फोन.
पलीकडच्या बंदरातला कुणी, खेकड्यांच्या होडीवरून,
मागे इंजिनाची घरघर.
"तुमचा तो दिवा कुठल्याच नकाशात नाही."
मी दिलगिरीची वाक्यं जुळवू लागले.
"काढणार आहात?"
"बघते, वरती कळव–"
"काढू नका."
सवयीनं नाव विचारलं. मग वॉर्ड.
तो हसला. "बाई, मी पाण्यावर असतो."

तरी वहीत नोंद केली :
तारीख, वेळ, विषय – दिवा.
कारवाईच्या रकान्यात
पेन टेकवून बराच वेळ बसले.
शाईचा एक ठिपका पडला, तेवढाच.