सामाईक भिंत

हॅलिफॅक्समधली आमच्या गल्लीतली घरं
एकमेकांना पाठ टेकून उभी.
पहिल्याच हिवाळ्यात गॅसचं बिल
इतकं कमी आलं, की मी
स्वतःच्या काटकसरीवर खूश.
जाड पडदे, दाराच्या फटीला जुना टॉवेल,
आणखी काय लागतं?

सोफा मात्र नकळत
डोरीनच्या भिंतीकडे सरकत गेला.
मांजरही तिथेच.

डोरीन सटक्लिफ गेली जानेवारीत, मंगळवारी.
मला कळलं शुक्रवारी,
तेही भिंतीकडून:
पाठ टेकली, तर विटा गार.

आठ वर्षं ती शेगडी पेटवायची.
ऊब तिच्या छतापर्यंत चढायची, वळायची, खाली यायची
आणि थोडी, कुणाला न विचारता,
विटाविटांतून माझ्या मणक्यापर्यंत.
आभार मानायचे राहिले.
बिलात तशी ओळच नसते.

आता तिथे कॅलम नावाचा पोरगा राहतो.
रात्रपाळीचा. हीटर लावत नाही;
पलीकडे नळ्या वाजतच नाहीत.
भिंतीला तळवा लावला
तर तळवाच काहीतरी देऊन बसतो.

मांजर कधीच उठून गेलं
खिडकीतल्या चतकोर उन्हात.
मी नॉब एक आकडा वर नेला.
बिल येईल तेव्हा बघू.
सोफा आहे तिथेच आहे.