वीस

मोन्तेव्हिदेओत त्या हिवाळ्यात
वीस या आकड्याचे दोन अर्थ झाले.

जुन्या कंपनीच्या डब्यात वीस म्हणजे
शंभरातले वीस : तळाशी संत्र्याची सालं,
येर्बाचा ओला चोथा, एखादी फुटकी चप्पल.
नव्या कंपनीच्या डब्यात वीस म्हणजे
झाकणापासून कचऱ्यापर्यंत वीस सेंटिमीटर,
म्हणजे गळ्याशी आलेलं,
म्हणजे आजच या.

दोन्ही डबे हिरवे.
दोन्हींच्या झाकणाखाली बोटाएवढा डोळा,
दर पंधरा मिनिटांनी उघडतो,
आकडा पाठवतो, मिटतो.
आणि डेपोतल्या पडद्याला
वीस म्हणजे वीस.

पहाटे तीनला विल्सनचा ट्रक
दुराझ्नो रस्त्याचा चढ चढायचा.
रिकामा डबा उचलताना ट्रक
ओशाळल्यासारखा आवाज काढतो,
तो विल्सनला तीन आठवडे ऐकू येत होता.
पण पडदा म्हणाला, जा. तो जात राहिला.
तिकडे भाजीबाजाराजवळचे डबे उतू गेले,
दक्षिणेच्या वाऱ्यानं पिशव्या उचलल्या
आणि नदीकाठी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या
दोऱ्यांना लटकवल्या.

मापात पाप म्हणावं,
तर पाप कोणाचंच नव्हतं.
दोन्ही मापं खरी होती.
नुसती ओळख नव्हती एकमेकांची.

चूक सापडली मिर्ताला.
मिर्ता पुठ्ठा वेचते. घोडागाडी बंद झाल्यापासून
तीनचाकी ढकलते.
डब्याला ती बोटाच्या पेरानं ठोकते, कान लावते,
मग ठरवते झाकण उघडायचं की नाही.
एका पहाटे तिनं विल्सनला अडवलं :
‘रिकामं उचलायला तुला सांगतं कोण?’

मग बैठक.
दोन्ही कंपन्या म्हणाल्या, आमचंच माप धरा.
पाणीवाले आले, दिवेवाले आले, बसवाले आले,
आणि निघालं असं, की बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात,
इथं एका खांबावर तीन बोलल्या जात होत्या.
पावसाच्या मापकाचं घड्याळ तीन तास पुढं,
ते बिचारं अजून लंडनच्या वेळेवर जगत होतं.
डेपोतल्या निबियानं दुसऱ्या दिवशी
थर्मॉस काखेत धरून सगळ्यांचं ऐकलं
आणि शेवटी दीड पान लिहिलं.
पहिलं वाक्य :
आकडा एकटा बाहेर पडणार नाही.
सोबत एकक असेल, वेळ असेल,
कोणी मोजलं त्याचं नाव असेल.
आणि वाचायचं असेल त्याला वाचता येईल.
ते पान अजून डेपोतल्या फ्रिजवर आहे,
चुंबकाखाली, एका कोपऱ्यावर चहाचा डाग.

वसंतात ट्रक कमी फिरू लागले.
डिझेलचा हिशेब निबियानं दोनदा करून पाहिला,
दोन्हीदा तोच आला, तेव्हा हसली.

हसली नाही ती मिर्ता.
डबा भरला की ट्रक हजर,
पुठ्ठा तिच्या आधी ट्रकच्या पोटात.
गबाळ्या शहरात तिला वाट पाहणारे डबे होते,
शहाण्या शहरात एकही थांबेना.
ती डेपोच्या दारात येऊन उभी राहिली.
निबियाला बराच वेळ काही बोलता आलं नाही.
मग फ्रिजवरच्या पानाकडे बोट दाखवून म्हणाली,
‘वाचायचं असेल त्याला, असं लिहिलंय मीच.’

आता मिर्ताच्या नातवाच्या फोनवर
चौतीस डबे आहेत.
ट्रकच्या अर्धा तास आधी
तीनचाकीचं चाक कुरकुरतं.
काही दिवस तिला मिळतं, काही दिवस नाही.
डबा म्हणतो, ऐंशी टक्के, चार वाजून दहा मिनिटं.
मिर्ता तरीही पेरानं ठोकते,
कान लावते, मान हलवते.
‘साठ,’ ती म्हणते.
‘वर पुठ्ठा आडवा आहे.’