चौपट वेग

हडर्सफील्डच्या जुन्या बाजारात
ट्रेव्हर हेग तीन बर्नर मांडून बसला होता.
एक काळा, बावन्नपट वेगाचा, निळ्या दिव्याचा.
एक बाहेरून जोडायचा, भाकरीच्या डब्याएवढा.
तिसरा पिवळट, तोंडावर ओरखडा,
चार, आठ, बारा; त्यापुढे जीव नाही.
"हा घे," म्हणाला, "टेपा जुन्या आहेत ना?
चौपटीनंच उतरव. घाई केलीस
तर कपाखाली ठेवायच्या चकत्या होतील."

ट्रेव्हर कॉर्नेट वाजवतो, गिरणीच्या बँडमध्ये.
गिरणी कधीच गेली. बँड आहे.
तालमींच्या सीड्या तो स्वतः करतो
आणि चुकलेला सूर कापत नाही.

इथे सगळे 'बर्न' म्हणतात.
मी 'उतरवणं' म्हणतो.
आक्काला मिरजेत जाळलं
तेव्हा मी मँचेस्टरच्या विमानतळावर
धुकं हटायची वाट बघत होतो.

कोऱ्या तबकड्यांची चळत घेतली, पन्नासची.
खालून सोनेरी बघून घे, निळी उन्हात विटते.
कागदी लेबल नको, गरम झालं की सुटतं
आणि फिरताना यंत्राचं पोट बिघडवतं.
नाव लिहायचं तर मऊ पेनानं, मधल्या गोलावर.

आक्का पत्र लिहीत नसे.
हातात लोकांची ब्लाउजं असत,
म्हणून शिलाई मशीनशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून बोले.
"बाळू, ऐकतोयस ना?"
मग खटखटखटखट, एक अख्खी बाही.
"तिथं थंडी असेल. मफलर घालतोस का?"
मग पुन्हा मशीन. मग काहीच नाही.

टेपेला घाई चालत नाही.
नव्वद मिनिटांची बाजू-बाजू, नव्वदच मिनिटं.
मी कॉम्प्युटरसमोर बसून राहिलो,
पडद्यावर तिच्या आवाजाचे हिरवे डोंगर,
मधे सपाट माळ.
सॉफ्टवेअर विचारतं : नको असलेला आवाज काढू?
एकदा काढू दिला.
मशीन गेलं, समोरच्या घरची कुकरची शिट्टी गेली,
आक्का पाण्याखालून बोलू लागली.
परत फिरवलं.

दुसरा प्रश्न : गाण्यांच्या मधे दोन सेकंद सोडू?
सोडू नकोस म्हटलं.
तिनं स्वतः सोडलेत,
कुठे चार, कुठे अकरा.
तिसऱ्यांदा ऐकताना कळलं,
ती माझ्या उत्तरासाठी थांबत होती.
मी वीस वर्षं ती जागा
टेप खराब आहे असं समजत होतो.

तबकडीत मावतात ऐंशी मिनिटं.
दहा उरतात.
डेटा म्हणून भरलं, आवाज दाबून, तर सगळं एकीत बसतं,
पण मग स्वयंपाकघरातला प्लेअर ते वाचत नाही,
आणि मला ती स्वयंपाकघरातच हवी आहे.
तेव्हा दोन तबकड्या. दुसरीवर फक्त दहा मिनिटं :
काजं, बटणं, भाव वाढल्याची तक्रार,
आणि "आता बाजू संपली वाटतं."
डेटाची प्रतही केली. ती भाचीसाठी.

पहिल्या तीन फुकट गेल्या.
एकदा मीच मधेच ईमेल उघडली,
एकदा चौपट निवडायचं राहिलं,
एकदा का, ते देवाला ठाऊक.

चौथी निघाली, कोमट.
कडेला धरून लावली.
"बाळू, ऐकतोयस ना?"
मी ओट्याशी उभा राहून
"हो" म्हणालो, जरा मोठ्यानं,
आणि मशीन सुरू झालं.

फुकट गेलेल्या ट्रेव्हरनं मागून नेल्या.
त्याच्या भाजीच्या वाफ्यात, वाटाण्यावर,
दोऱ्याला टांगल्यात, कबुतरं हाकलायला.
परवा गेलो होतो.
वारा होता, ऊन कमी.
तिघी फिरत होत्या, कुणीही पुरी न झालेली.
एक कबूतर खालीच शेंगा खात होतं.