हातचे दोन

नॉरफोकला फेब्रुवारीत खाडीवरून वारा येतो तो खिळ्यासारखा.
आमच्या प्रयोगशाळेत मात्र चोवीस अंश, गालिचा,
आणि मधोमध काचेचं टेबल,
आतून उजळणारं, जहाजाच्या डेकच्या आकाराचं.
बोला, बोट दाखवा, विमान सरकतं.
तीन वर्षं मी त्याला बोलायला शिकवत होते,
म्हणजे खरं तर ऐकायला.

ऑरिन टॅकेट आला तेव्हा आधी टेबलाखाली वाकून बघितलं त्यानं.
सव्वीस वर्षं विमानवाहू जहाजावर, त्यातली अकरा
डेकखालच्या एका खोलीत, प्लायवूडच्या पाटासमोर:
पत्र्यातून कापलेली तळहाताएवढी विमानं,
त्यांवर जांभळी टाचणी म्हणजे तहानलेलं,
वॉशर म्हणजे पंख मिटलेले,
आणि नुसता नट म्हणजे...
"ते पुढं सांगतो," म्हणाला, आणि सांगितलं नाही.

कॅमेऱ्यासाठी हातमोजे घालावे लागतात,
प्रत्येक बोटाला वेगळा रंग.
त्याच्या उजव्या हाताला करंगळी नाही, अनामिका नाही.
कधी म्हणे साखळीनं नेली, कधी म्हणे पत्त्यांत हरलो.
मोज्याची दोन पोकळ बोटं लोंबत राहिली
आणि कपाळ पुसायला त्यानं हात वर नेला की
तिसऱ्या कॅटापुल्टवरचं विमान गर्रकन समुद्राकडे तोंड करी.
पाचवं पाण्यात पडलं तेव्हा आम्ही हसलो.
तो नाही.

मी ती बोटं आत दुमडून टाके घातले.
यंत्र आपल्या मंजूळ आवाजात म्हणालं: हात अपुरा आहे.
कोड उघडला. बोटं मोजणारी ओळ माझीच होती.
पाचाच्या जागी तीन लिहिले,
हातचे दोन.

मग तो बोलू लागला.
"हिला मागं घे. हिला नाही गं, तिला. जरा.
एवढं नको, पंख लागतील. हां."
यंत्र विचारी: कोणतं विमान? जरा म्हणजे किती फूट?
"वारा कुठला आहे आज?" त्यानं उलट विचारलं.
यंत्रात वारा नव्हता.

दुपारी चार विमानं परतायची होती, एकात इंधन तळाला,
आणि लिफ्ट बंद; आम्हीच केली होती बंद, परीक्षा म्हणून.
त्यानं टेबलाच्या कडेवर पेरानं दोनदा टकटक केली
आणि गप्प उभा राहिला.
आज्ञा समजली नाही.
टकटक.
कृपया पुन्हा सांगा.
"आज्ञा नाही ही," मला म्हणाला.
"खोलीत अठरा पोरं ओरडतात, फोन वाजतात, वरून दणके.
मी असं केलं की गप्प होतात. मग मला ऐकू येतं."
काय ऐकू येतं, मी विचारलं नाही.

रात्री शब्दकोशात नोंद घातली:
दोनदा टकटक. क्रिया: काही नाही.
कालावधी: तो म्हणेल तेवढा.
सगळ्यात जास्त वेळ या ओळीला लागला.
ब्रॅनिगनबाईंनी शेजारी लाल प्रश्नचिन्ह काढलं.
ते अजून आहे.

शुक्रवारी निघताना त्यानं खिशातून एक नट काढला,
एकशे चार नंबरच्या उजेडावर ठेवला,
कोट चढवला, गेला.
अनोळखी वस्तू, यंत्र म्हणालं. कृपया टेबल मोकळं करा.
कृपया टेबल मोकळं करा.
मी हात पुढे केला. मग मागे घेतला,
आणि कडेवर दोनदा वाजवलं.